एवढा नाताळ होऊन जाऊ दे

बायकोने हाक मारून थांबवलं नसतं तर पाळक तसाच रस्त्यावर गेला असता. "अहो, मागे काय लावून घेतलंय?" ती म्हणाली, आणि ऑर्गनवरचं फडकं घेऊन तिने त्याच्या काळ्या पँटची मागची बाजू शाळेत निघालेल्या पोराची झटकावी तशी झटकली. फडक्यावर पिवळट पूड आली, चाळून घेतलेल्या पिठासारखी बारीक. शनिवारची सकाळ होती. उद्या आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणून दोघं चर्चमध्ये मेणबत्त्यांचं कडं फळीवरून काढून, पुसून, वेदीशेजारी ठेवायला आली होती: भोवती चार मेणबत्त्या, दर रविवारी एक पेटवायची, आणि मधोमध पांढरी, ती नाताळच्या सकाळी. काम संपल्यावर तो मागे जाऊन क्षणभर टेकला होता, गॅलरीखाली, भिंतीकडून तिसऱ्या बाकावर. "खडूची असेल," तो म्हणाला, "रविवारशाळेची मुलं बसतात तिथे." बायकोला ते पटलं, किंवा तिने पटवून घेतलं; तिच्या ऑर्गनची एक पट्टी चिकटत होती आणि तिला तिचीच काळजी लागून राहिली होती. पण खडूला वास नसतो, आणि ह्या पुडीला होता, वर्षानुवर्षं बंद राहिलेलं कपाट उघडल्यावर येतो तसा. तो परत गेला. बाकावर त्याच्या बसण्याचा ठसा होता आणि ठशाच्या कडेने राहिलेली पूड. ती त्याने तळहाताने पुसून काढली आणि वर बघितलं नाही. का बघितलं नाही, ह्याचं उत्तर त्याच्याकडे पुष्कळ दिवस नव्हतं. नंतर होतं, तेव्हा ते नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

गॅलरी ही त्या चर्चची मिरवायची जागा. सबंध लाकडी, दाराच्या वर, दोन खांबांवर आणि एका आडव्या तुळईवर तोललेली. मंडळी वेदीकडे तोंड करून बसतात, त्यामुळे त्यांना ती दिसत नाही, पाठीमागून फक्त ऐकू येते. समोर दिसते ती एकट्या पाळकाला. अठरा वर्षं त्याने जो काही उपदेश केला तो तसं पाहिलं तर गॅलरीलाच. वर बत्तीस गाणारे, आणि त्यांच्याकडे तोंड करून, कठड्याला पाठ लावून मास्तर. मास्तर कुठल्या शाळेवर मास्तर नव्हते, त्यांचं आयुष्य टपालखात्यात शिक्के मारण्यात गेलं. पण चाळीस वर्षं ह्या मंडळीला गायला शिकवलं म्हणून मास्तर. नाताळच्या सकाळी, शेवटच्या गीताच्या शेवटच्या कडव्याला, ते उजवा पाय उचलून फळीवर आपटत. धप्. पुढच्या ठेक्याला बत्तीस पाय. त्या दिवशी पोराबाळांनाही वर चढायची मुभा असे, त्यामुळे बत्तिसाचे साठ व्हायला वेळ लागत नसे. एका वर्षी ऐन वेळी ऑर्गन बिघडला म्हणून मास्तरांनी हा ठेका सुरू केला होता, आणि मग तो बंद करणं कुणाच्या हातात राहिलं नाही. पाळक इथे नवीन आला त्या पहिल्या नाताळला तो ठेका त्याच्या तळपायांतून वर चढला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. एवढी माणसं, एरवी एकमेकांशी धड न बोलणारी, एका पायावर उभी. ह्यालाच मंडळी म्हणतात, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

सोमवारी पूड पुन्हा होती. बुधवारीही होती, थोडी जास्त. तो रोज सकाळी एक जुना रुमाल खिशात घालून जायला लागला आणि घरी सांगायला लागला की प्रार्थनेला जातो. तशी तो प्रार्थनाही करत असे, पुसून झाल्यावर. दुसऱ्या आठवड्यात सुतार आला तो गव्हाणीचा मोडलेला पाय बसवायला. सुतार मंडळीतला नव्हता, तो पाळकाला 'फादर' म्हणे. आपण फादर नव्हे, आपल्याला बायको आहे, मुलगी आहे, हे पाळकाने त्याला दोनदा समजावून सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो 'बरोबर आहे फादर' म्हणाला होता. काम उरकून तो हत्यारं पिशवीत भरत होता. तेव्हा गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, पण पाळकाच्या तोंडून निघून गेलं, "जाता जाता जरा वर बघता का?"

सुतार बूट काढून बाकावर चढला. पेचकसाच्या मुठीने त्याने तुळई मधोमध ठोकली, मग थोडी इकडे, मग खांबाजवळ, मग जिथे ती भिंतीत शिरते तिथे. मधे टणक आवाज आला. भिंतीजवळ उशीवर थाप मारावी तसा आला.

"ऐकलंत?"

"काय?"

"चांगलं लाकूड ठोकलं की बोलतं. हे गप्प आहे. किड्याने आतून खाल्लंय सगळं. बाहेर पावसाचा पाइप गळतो बघा, त्याची ओल."

"किती दिवस झाले असतील?"

"दिवस कसले, वर्षं म्हणा."

"आणि अजून किती..."

सुतार खाली उतरला आणि बूट घालायला लागला. "ते मला विचारू नका. दहा वर्षं राहील, नाहीतर माझ्या शिंकेने येईल खाली. वर कुणी बसतं का?"

"गाणारे बसतात."

"बसवू नका." मग त्याने एक कागद मागितला. पाळकाने गेल्या रविवारचं उपासनेचं पत्रक दिलं, ते सुताराने उभं फाडून त्याची एक पट्टी केली, पुन्हा वर चढला, आणि तुळई जिथे खांबावर टेकते त्या सांध्यावर ती आडवी चिकटवली, अर्धी खांबावर, अर्धी तुळईवर. "ही फाटली की समजायचं लाकूड सरकलं. टेकू लावायला मी नव्या वर्षात येतो, आता गावी चाललोय. फादर, तुमच्या जागी मी असतो ना, तर जिन्याला आजच कुलूप घातलं असतं."

"एवढा नाताळ होऊन जाऊ दे," पाळक म्हणाला. म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याने दुसऱ्या कुणाचा ऐकावा तसा ऐकला.

कारण हे वाक्य त्याचं नव्हतं. ते सगळ्या मंडळीचं होतं. डिसेंबर लागला की ह्या लोकांच्या तोंडी तेवढं एकच असे. भावाभावांचं बोलणं बंद असेल तर ते सोडवायला बसायचं, पण नाताळ होऊन जाऊ दे. म्हाताऱ्या बापाला आता एकटं ठेवता येत नाही हे त्याला सांगायचंय, पण नाताळ होऊन जाऊ दे. एक जोडपं वेगळं व्हायचं ठरवून बसलेलं त्याला ठाऊक होतं. कागदपत्रं तयार होती, तरी दोघं रोज संध्याकाळी शेजारी बसून झाडाला चांदण्या बांधत होती, आणि ते इतक्या गोडीने की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचं परवाच लग्न झालंय. आणि हे त्यांना शिकवलं कुणी? त्यानेच. हे दिवस वाट पाहण्याचे, हे दिवस भांडणाचे नव्हेत, असं दरवर्षी पहिल्या मेणबत्तीला तो सांगत आला होता. गेल्या वर्षी शिवणकाम करणारी बाई उपासना झाल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, छातीत गाठ लागतेय, देवदूतांचे झगे शिवायचेत, ते झाले की दाखवून येते. आणि तो 'बरं' म्हणाला होता. ती आता डोक्याला रुमाल बांधून पहिल्या बाकावर बसते. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, कधीपासून आहे, आणि तिने सांगितलं होतं, सणाच्या आधीपासून. तिने पाळकाला कधी दोष दिला नाही. झगे मात्र ती ह्या वर्षीही शिवत होती, आणि दर रविवारी त्याच्याकडे बघून हसत होती. तो ते हसू चुकवत होता.

कुलूप घालणं काही कठीण नव्हतं. कुलूप होतं, किल्लीही होती. पण जिन्याला कुलूप दिसलं की लोक कारण विचारणार, कारण सांगितलं की कधी कळलं ते विचारणार, आणि इथेच त्याचं घोडं अडत होतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती बातमी झाली असती. तिसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर थोडा उशीर. आता सांगायचं म्हणजे कबुली द्यायची. गेल्या दहा दिवसांत तालमीसाठी चारदा ते सगळे वर चढले होते, आणि चारही वेळा तो खाली उभा राहून, मान वर करून, त्या कागदाच्या पट्टीकडे बघत होता. बत्तीस माणसं डोक्यावर घेऊन ती शाबूत राहिली होती. म्हणजे राहील. म्हणजे राहत आली आहे. असा हिशोब माणूस एकदा करायला लागला की तो चुकत नाही, फक्त शेवटच्या दिवसापर्यंत.

आणि ओरडून लोकांना सावध करायची तर त्याला भीतीच होती. त्या भीतीला सव्वीस वर्षं झाली होती, ती दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये मागे राहिली असं तो समजत होता. पहिली नेमणूक, पहिला नाताळ, अंगावर नवा कोरा झगा. शास्त्रवाचन चाललेलं असताना त्याला धुराचा वास आला. नक्की आला. तेव्हा तो तरुण होता, आणि आपण सगळ्यांचे राखणदार आहोत हे नुकतंच शिकून बाहेर पडला होता. तो ओरडला, "आग! बाहेर पडा!" दीडशे माणसं एका दाराकडे धावली. दार आत उघडणारं. पुढच्यांना मागचे ढकलत होते आणि त्या ढकलण्याने दार बंद राहत होतं, हे त्याला वेदीपाशी उभं राहून अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आग नव्हतीच. शेजारच्या आवारात कुणी पालापाचोळा पेटवला होता. लोक बाहेर येऊन दम खात हसायला लागले, आणि मग कुणीतरी म्हणालं, मावशी कुठे? मावशी म्हणजे त्या गावात त्याला पहिल्या दिवसापासून 'अरे तुरे' करणारी एकटी म्हातारी. ती दाराच्या आत पडली होती, मांडीचं हाड मोडून. तीन महिने अंथरुणावर काढून ती गेली. तो रोज दवाखान्यात जात असे. एके दिवशी तिने त्याचा हात थोपटला आणि म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस रे. तू हाक मारलीस, मी धावले. पाळकाने हाक मारल्यावर धावायचं नाही तर कधी धावायचं?" तिला वाटत होतं आपण त्याची समजूत घालतोय. ते वाक्य तो अजून सगळीकडे बरोबर घेऊन हिंडत होता, आणि गेल्या काही दिवसांत ते कुठेही, भाजी निवडताना, बुटाची नाडी बांधताना, अचानक बाहेर यायला लागलं होतं.

तिसऱ्या मेणबत्तीच्या आठवड्यात एका दुपारी तो मनाचा हिय्या करून मास्तरांकडे गेला. मास्तर तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, खोलीत पलंग, टेबल, आणि भिंतीला लावून गाण्याच्या वह्यांचा ढीग. जमिनीवर एक जुनी उशी होती. पाळकाने ती उचलून पलंगावर ठेवायला हात पुढे केला, तर मास्तर म्हणाले, "असू द्या, असू द्या. ती पायाखालची. घरी तालीम करताना पाय राहत नाही ना माझा, आणि खालचे लोक कटकट करतात. म्हणतात, म्हातारा नाचतो." आणि स्वतःच खूश होऊन त्यांनी उशीवर उजवा पाय आपटून दाखवला. आवाज आला नाही. मग त्यांनी चहा टाकला, बिस्किटांचा डबा काढला, आणि टेबलावरचा एक लांबलचक कागद पुढे केला. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखाली गायलेल्या झाडून सगळ्यांना त्यांनी पत्रं टाकली होती. हे शेवटचं वर्ष. गुडघे आता जिना चढू देत नाहीत.

"येतो म्हणून कळवलंय बहुतेकांनी. सत्तर तरी होतील वर."

"सत्तर," पाळक म्हणाला. "मास्तर, जागा पुरेल का?"

"पुरवून घेऊ. खेटून उभं राहिलं की सूरही एक लागतो. तुम्ही काही सांगायला आला होतात का, साहेब?"

"नाही. सहज. बऱ्याच दिवसांत आलो नव्हतो."

"मग अजून एक कप घ्या."

त्याने घेतला. बिस्किटही घेतलं. परत जाताना जिन्याच्या पहिल्या वळणावर त्याने मोठ्याने म्हणून बघितलं: "मास्तर, तुळई गेलीय. वर कुणी चढायचं नाही." किती सोपं होतं. जिन्यावर कुणी नव्हतं.

घरी मुलगी भांडी विसळताना गात होती. ती दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती, दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून आली की तिला स्वतःचं तोंड उघडावंसं वाटतं, असं तिची आई म्हणे. ह्या वर्षी मास्तरांनी तिला पहिल्यांदा एकटीला एक गीत दिलं होतं. पाळक टेबलाशी बसून चौथ्या रविवारचा उपदेश लिहीत होता. विषय जागं राहण्याचा: घरधनी कधी येईल ठाऊक नाही, म्हणून जागे राहा, असा शास्त्रातला उतारा. ह्या उताऱ्यावर तो सतरा वेळा बोलला होता आणि दर वेळी येणारा म्हणजे कुणी चांगलाच असणार, हे धरून बोलला होता. आपण दार उघडून, दिवा लावून वाट बघतो ती कुणाची? आज पहिल्यांदा त्याला वाटलं की वाट पाहण्यात येणाऱ्याची हमी नसते. भिंतीच्या आत बसून कुणी कणाकणाने लाकूड खात असेल, तर तोही येतोच आहे, आणि त्याचाही दिवस ठरलेला आहे.

"तू खाली उभी राहून गायलीस तर?" त्याने विचारलं. "वेदीपाशी. लोकांना दिसशील."

"मला दिसायचंच नाहीये, पप्पा. आवाज मागून आला पाहिजे. मास्तर म्हणतात, देवदूत काय समोर येऊन उभे राहतात का."

"राहतात की. आणि आधी काय सांगतात?"

"घाबरू नका म्हणून." ती हसली. "रविवारशाळेत तुम्हीच शिकवलंत."

घाबरण्यासारखं असतं म्हणूनच सांगतात, हे त्याने शिकवलं नव्हतं. तो तिच्या मानेकडे, ओल्या मनगटांकडे बघत राहिला. तिने एकदम वळून विचारलं, "पप्पा, तुम्ही हल्ली तालमीला येऊन सारखे वर काय बघत असता?" तेव्हा तो म्हणाला, "तुलाच बघतो." हे खरं होतं, म्हणून आणखी वाईट होतं.

चौथ्या रविवारी पट्टीवर एक सुरकुती आली. आधी नव्हती, किंवा आधी त्याने नीट बघितली नव्हती. त्या आठवड्यात पूड पडायची थांबली, आणि कुणाला वाटेल, ह्याने त्याला हायसं वाटलं असेल. त्याला वाटलं, खाऊन झालं.

नाताळच्या सकाळी सात वाजता त्याने स्वतः दार उघडलं, बाकावर चढून पट्टीवरून बोट फिरवलं. सुरकुती होती, फाट नव्हती. त्याने देवाचे आभार मानले, आणि आपण कशाबद्दल आभार मानतोय हे मात्र मनात नीट उच्चारलं नाही. मग लोक यायला लागले. नवे कपडे, हातात हात, 'हॅपी ख्रिसमस', 'तुम्हालाही'. वेगळं व्हायचं ठरवलेलं जोडपं एकमेकांच्या कोटावरचे धागे काढत आलं. जुने गाणारे आले, केस गेलेले, पोटं सुटलेली, आणि जिन्याशी एकमेकांना ओळखून मिठ्या मारायला लागले. जिना करकरत होता. तो मोजत होता. सत्तरपर्यंत मोजलं आणि मग एक बाई कडेवर मूल घेऊन चढली, तेव्हा सोडून दिलं. दाराच्या दोन्ही झडपा त्याने सताड उघडून त्यांना विटा लावून ठेवल्या. मंडळीचे सेक्रेटरी म्हणाले, गार वारा येतोय. तो म्हणाला, येऊ दे.

पांढरी मेणबत्ती पेटली. प्रार्थना झाली, वाचन झालं. मग मुलगी कठड्याशी येऊन एकटी उभी राहिली. बाकीचे सगळे वर दाटीवाटीने बसलेले, कुणी हलत नव्हतं. ती गायला लागली, आणि मंडळीतल्या कित्येकांनी डोळे मिटले, कारण मागून येणारा तो आवाज कुणाचा हे खरंच कळत नव्हतं. पाळकाचे डोळे उघडे होते. त्याच्यासमोर, तिच्या पायांच्या खाली दोन हातांवर, खांबाच्या डोक्याशी तो पांढरा ठिपका होता. रोजचा एक ठिपका. आणि तिच्या दुसऱ्या कडव्याच्या मधे कुठेतरी ते दोन ठिपके झाले. मधली काळी रेघ केसाएवढी असेल. इतक्या लांबून ती दिसायला नको होती.

आता त्याला ओरडता आलं असतं. ओरड घशात आलीही, सव्वीस वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी. पण ऐंशी माणसं त्या अरुंद जिन्यावर एकदम येताना त्याला दिसली, आणि त्यांच्या पायांचा धडधडाट. ती गातेय तोवर सगळे स्थिर बसलेत. गाणं संपलं की शेवटच्या गीताला सगळे एकदम उभे राहतील. म्हणजे तिला पुरं गाऊ द्यायचं. हे त्याने शहाणपणाने ठरवलं की आपल्या मुलीचं पहिलं गाणं अर्धवट राहू नये म्हणून बापाच्या लोभाने, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं आणि पुढेही कधी आलं नाही. तो उभा राहिला. कागदावर लिहिलेला उपदेश त्याने घडी करून खिशात घातला. तिने शेवटचा स्वर सोडला, आणि तो हवेत असतानाच त्याने, रोज घरी मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात, सुरुवात केली.

"वरच्या कुणीही उठू नका. बसून राहा. आणि खालच्यांनी, मागच्या चार बाकांवर जे आहेत, त्यांनी उठून पुढे या. सावकाश. ऑर्गन वाजणार नाही. दार उघडंच आहे." लोक गोंधळले, पण उठले. "गॅलरीची तुळई आतून गेलेली आहे. ती आता सरकली आहे. वरच्यांनी दोघादोघांनी उतरायचं, मागच्या भिंतीच्या बाजूने. मुलं आधी. आधीचे दोघं खाली पोचले की पुढच्या दोघांनी उठायचं." मग तो थांबला. इथेही थांबता आलं असतं. आत्ताच कळलं, असं कुणालाही वाटलं असतं. "हे मला तीन आठवडे माहीत होतं. सुताराने सांगितलं होतं, चढू देऊ नका. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, एवढा नाताळ होऊन जाऊ दे."

पहिल्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या बाईने रुमालाची गाठ चाचपली आणि त्याच्याकडे बघितलं. आज ती हसली नाही. दोघं, मग दोघं, मग दोघं. जिन्याचा एकेक करकर सगळ्या चर्चला ऐकू जात होता. कडेवरचं मूल खाली आलं आणि कशालातरी हसलं. मुलगी खाली आली, सरळ आईजवळ ऑर्गनपाशी जाऊन उभी राहिली, आणि बापाकडे तिने असं बघितलं की तालमीच्या एकेका दिवसाचा त्यात जाब होता. ऐंशी माणसं उतरायला किती वेळ लागला हे नंतर कुणाला सांगता आलं नाही. सगळे वेदीभोवती, मेणबत्त्यांच्या कड्याभोवती, गव्हाणीभोवती खेटून उभे राहिले, आणि गॅलरीत मास्तर एकटे राहिले, कठड्याला पाठ लावून, रिकाम्या बाकांकडे तोंड करून.

"मास्तर, उतरा," कुणीतरी म्हणालं. त्यांनी मान हलवली नाही.

पाळक मधल्या वाटेने चालत गेला. झगा दोन्ही हातांनी उचलून, भिंतीला खांदा लावून, तो जिना चढला. वर त्याला कळलं की अठरा वर्षांत तो इथे फार तर तीन वेळा आला असेल. इथून वेदी किती लहान दिसते, आणि तिथे उभा राहून बोलणारा माणूस किती खात्रीने बोलत असेल.

"कधी आला होतात माझ्याकडे?" मास्तरांनी मागे न बघता विचारलं.

"तिसऱ्या आठवड्यात."

"तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"दोन कप चहा घेतलात."

"हो, मास्तर."

खाली कुणाला ती शांतता सहन होईना. ऑर्गन वाजणार नाही असं नवऱ्याने सांगितलं होतं, पण बायकोचा हात पट्ट्यांवर गेला, आणि शेवटच्या गीताचा पहिला सूर निघाला, ती एक पट्टी चिकटून जरा लांबला. लोक गायला लागले. आवाज घाबरट होते, मग कमी घाबरट, आणि पहिल्यांदाच मंडळीला ते पाठीमागून ऐकू येत नव्हते, सगळे एका ठिकाणचे होते, पाळकाच्या डोळ्यांसमोर. शेवटचं कडवं आलं. कुणीही पाय आपटला नाही. सगळ्यांचे चेहरे गॅलरीकडे वळलेले होते, गात असलेले.

मास्तर वळले. त्यांनी खाली बघितलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा उजवा गुडघा वर आला. पाळकाने त्यांना अडवलं नाही. पाय क्षणभर हवेत राहिला. मग, झोपलेल्या बाळाशेजारून जाताना टाकतात तसा, आधी चवडा, मग टाच, तो त्यांनी फळीवर टेकवला. आवाज झाला नाही. मास्तरांचे डोळे भरले होते.

आणि त्या पायाखाली, इतके आठवडे गप्प राहिलेली तुळई बोलली. एकदाच, बारीक, सुकी फांदी वाकवल्यासारखी. खालच्या गाण्यात ते कुणाला ऐकू गेलं नसावं. ऐकलं ते दोघांनीच.

जिना अकरा पावलांवर होता. "माझ्या मागून नको, माझ्याबरोबर चला," पाळक म्हणाला, आणि त्याने मास्तरांचा हात धरून भिंतीच्या बाजूचं पहिलं पाऊल टाकलं.